घटाआधीचं धुणं आणि भोलू

पितृपंधरवडा निम्मा सरला की आमच्या सांगवीत बायका एकमेकींना ‘जेवलीस का’ असं विचारत नाहीत. ‘झालं का धुणं?’ असं विचारतात. धुणं म्हणजे रोजचं नव्हे, घट बसायच्या आधीचं. घरात कापड म्हणून जे जे असेल ते सगळं बाहेर निघतं. गोधड्या, वाकळा, चादरी, पडदे, टीव्हीवरचं झाकण, शिलाई मशीनचा अभ्रा, पेटीच्या तळाला वर्षभर झोपलेली लुगडी. चिंधीसुद्धा धुतल्याशिवाय घरात ठेवायची नाही, असा नियम. तो कुणी केला कुणास ठाऊक, पण पाळायचा आम्ही. ट्रॉलीत ढीग घालायचा, वर आपण बसायचं आणि नीरेवर जायचं. नदीवर आधीच निम्मं गाव असतं. सोड्याचा वास, ओल्या सुताचा वास, पलीकडच्या उसाचा हिरवा वास. गोधड्या पायांनी तुडवताना बायका गप्पा मारतात, आणि वर्षभरात कुणाच्या घरात काय शिजलं ते सगळं त्या पाण्यात सुटतं.

मला या दिवसांची फार हौस. लोक सणाची वाट बघतात, मी धुण्याची बघते. घर रिकामं, भिंती उघड्या, तारेवर सगळा संसार वाळत टाकलेला. एरवी मी काही फार देवभोळी नाही, पण स्वच्छतेच्या बाबतीत माझ्याइतकी काटेकोर बाई आमच्या आळीत नाही. हे मी नाही, आमची शेजारीण शमीमभाभी म्हणते. तिचं कपडे शिवायचं दुकान आहे आणि उरलेल्या चिंध्या ती माझ्यासमोर लपवते. “तू आलीस की माझ्या चिंध्या बी घाबरत्यात,” म्हणते.

यंदाही धुणं झालं. पण यंदा मी पेटी उघडायच्या आधी फोन लावला. लेक सायली पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. फोन पितळेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि तिची जुनी खेळणी एकेक करून त्या काचेपुढं धरली.

“हा ससा?”

“दे.”

“हत्ती?”

“त्याची सोंड बसल्याबसल्याच उसवलीय मम्मी. उशीत भर त्याचा कापूस.”

“ही माकडीण?”

“ती कुणाला नको देऊ. डाळिंबात टांग, पाखरं येत्यात म्हणतात ना पप्पा.”

असं सगळं विचारून झालं. माझ्या लेकीच्या वस्तूंना तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, एवढी अक्कल मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी आली. आणि ती कशी आली ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

तिच्या लहानपणी प्रत्येक वाढदिवसाला कुणी ना कुणी टेडी आणायचंच. दुसरं काय आणावं हे माणसांना सुचत नव्हतं. पाव्हणे आले, टेडी. शाळेतल्या बाई आल्या, टेडी. आम्ही हॉलमध्ये नवं शोकेस केलं होतं, त्यात मी ते सगळे ओळीनं बसवले, अंगावरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. पिशवी काढायची नाही. का, तर मळंल. लेक काचेला दोन्ही तळवे लावून उभी राहायची आणि आतल्या सशाशी बोलायची. आल्यागेल्यांना मी कौतुकानं सांगायची, बघा किती शहाणी, हातसुद्धा लावत नाही. काचेवर तिच्या तळव्यांचे डाग पडायचे आणि तेही मी पुसून काढायची. पुढं ते पिशव्यांसकट पेटीत गेले, आणि आता त्या पिशव्या फाडताना प्लॅस्टिक हातात चुरलं. आतले प्राणी नवेच्या नवे निघाले. कुणीच न खेळलेल्या खेळण्याकडं बघणं फार वाईट असतं.

एकटा भोलू शोकेसमध्ये मावला नाही, म्हणून तो तिच्या वाट्याला आला. भोलू म्हणजे तपकिरी कुत्रं, लोळते कान, पोरीपेक्षा मोठं. माझ्या भावानं नरसिंहपूरच्या यात्रेतून आणलं. गाडीवर ठेवायला जागा नव्हती, मग त्यानं ते टॉवेलनं पाठीला बांधलं आणि तसाच सांगवीपर्यंत आला. वाटेत लोक हसले असतील, त्याला काय त्याचं. दारात येऊन म्हणाला, “भाचीला राखण आणलीय. भाकरी लागत न्हाय त्याला.” सायली भोलूवर झोपायची, त्याच्या पाठीवर गृहपाठ करायची, आजारी पडली की आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. पुण्याला जाताना तिनं त्याला स्वतःच्या हातानं पेटीत ठेवलं. “मम्मी, ह्याला कुणाला देऊ नको हं.” मी म्हणाले, “अगं कुणाला देतेय? तुझ्या लेकराला होईल.” ती हसली आणि बॅग उचलली.

आता चंद्रीचं सांगते. चंद्री आमची म्हैस. माझे वडील, आबा, इंदापूर तालुक्यातल्या कळसला राहायचे. हातपाय थकल्यावर त्यांनी दावण मोडली. सगळी जनावरं विकली, पण एक वगार, तरणी म्हैस, मला धाडली. “लेकीच्या दारात ऱ्हाईल,” म्हणाले. पुढं आबा गेले. माहेरचा गोठा आता पत्र्याची खोली झालाय, तिथं भाऊ खताच्या गोण्या ठेवतो. त्या दावणीतलं जिवंत असं एवढंच उरलंय, माझ्या दारातली चंद्री. तिच्या अंगाला हात लावला की मला कळसला गेल्यासारखं वाटतं. हे मी यांना कधी बोलून दाखवलं नाही. नवऱ्याला असलं सांगितलं की ते फक्त ‘हं’ म्हणतात.

गेल्या साली श्रावणात चंद्री व्याली. रेडकू झालं, अंगानं बारीक. हगवण लागली. डॉक्टर येऊन गेले, बाटल्या चढवल्या, मी माझ्या जुन्या साडीत गुंडाळून त्याला मांडीवर घेऊन बसले. गेलं ते. चंद्रीनं मागचे दोन्ही पाय आखडून घेतले आणि पान्हा चोरला. कास फुगून दगडासारखी, पण सडाला हात लावला की लाथ. वैरण समोर पडून असायची. रेकायची मात्र सारखी, घसा बसेपर्यंत.

आमचे हे वाईट माणूस नाहीत. पण शेतकरी माणसाला दूध न देता उभ्या जनावराकडं फार काळ बघवत नाही. पहिल्यांदा म्हणाले, “इंजेक्शन आणतो, टोचलं की पान्हा सोडतीय.” मी म्हणाले, “त्याला बंदी हाय. आणि माझ्या आबांच्या म्हशीला सुई टोचून पिळायची न्हाय.” मग म्हणाले, “मग बाजारात न्यायची. दुसरा इलाज हाय का तुझ्याकडं?” बाजारात अशी दूध अडवलेली, रेडकू मेलेली म्हैस कोण घेतं आणि कुठं नेतं हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. आम्ही दोघंही ते बोललो नाही. मी फक्त म्हणाले, “थोडं थांबा.”

माझ्या लहानपणी कळसला गोठ्यात खुंटीला एक रेडकू टांगलेलं असायचं. खरं रेडकू नव्हे. मेलेल्या रेडकाचं कातडं, आत पेंढा, पायांच्या जागी काठ्या. आबा ते खाली काढायचे आणि म्हशीच्या नाकापुढं धरायचे. म्हैस त्याला चाटायची आणि आई खाली बसून दूध काढायची. मला त्याची भीती वाटायची. त्याला डोळे नव्हते, भोकं होती. मी विचारलं होतं, “आबा, तिला कळत न्हाय व्हय?” आबा म्हणाले, “नाकापुढं धरायचं बाय, डोळ्यापुढं न्हाय.” एवढंच. त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं होतं, हे मला तेव्हा दिसलं आणि आता समजलं.

आता कातडं काढणारं कोणी राहिलं नाही, आणि आमचं रेडकू तर यांनी बांधाला पुरलं होतं. पण ती साडी होती. ज्यात त्याला मांडीवर घेतलं होतं ती. धुवायचा धीर झाला नव्हता म्हणून गोठ्याच्या कोपऱ्यात तशीच पडलेली. आणि घरात पेटी होती, पेटीत भोलू.

मी पेटी उघडली. डांबरगोळ्यांच्या वासात तो शहाण्यासारखा पडला होता. त्याचे डोळे प्लॅस्टिकचे. म्हशीनं गिळले तर पोटात अडकतील म्हणून मी कात्री घेतली. एक डोळा सहज निघाला. दुसरा निघेना, तिथं दोरा घट्ट होता. मी ओढून कापला तेव्हा कापूस बाहेर आला. मला आठवतंय, मी मागं वळून दाराकडं बघितलं. घरात कुणी नव्हतं तरी बघितलं. चांगलं काम करताना माणूस असं दाराकडं बघतं का?

रेडकाच्या साडीचा पट्टा फाडून त्याच्या अंगाभोवती शिवला, वर मिठाचं पाणी चोळलं आणि भोलूला कवेत घेऊन चंद्रीपुढं बसले. हे बादली घेऊन खाली. तोंडावर हसू, की बाईचं डोकं फिरलं. चंद्रीनं आधी फुर्र केलं. मग मान लांब केली. हुंगलं. परत हुंगलं. मग घशातून एक बारीक आवाज काढला, जो ती फक्त रेडकू व्याल्यावर काढते, आणि त्याच्या डोक्यावरून जीभ फिरवायला लागली. कपाळ, कान, डोळ्याच्या जागी राहिलेली छिद्रं. बादलीत धार वाजली. यांचं हसू गेलं. खाली मान घालून काढत राहिले. काढून झाल्यावर बादली उचलली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “गावात सांगू नको कुणाला.”

मी त्या दुधाचा चहा केला. चांगला दाट झाला होता. माझ्या घशाखाली उतरेना. जनावर इतक्या मनापासून विश्वास ठेवतं हे मला जन्मभर माहीत होतं, पण आपल्यावर ठेवतं तेव्हा तोंड लपवावंसं वाटतं हे माहीत नव्हतं. पण चंद्री वाचली होती, बाजार टळला होता. मग मी स्वतःला म्हणाले, पुरे झाले तुझे चोचले. आणि दुसऱ्या दिवशी परत भोलूला कवेत घेऊन बसले.

रोजचंच झालं ते. भोलूला एका हातानं धरायचं, दुसरा हात त्याच्या पाठीखाली. चंद्रीची जीभ कानशीसारखी. भोलूचे केस झिजून पोटाला टक्कल पडलं, माझ्या मनगटावरूनही ती फिरायचीच, मी दुर्लक्ष करायची. सायलीचा फोन यायचा. “भोलू नीट हाय ना गं? डांबरगोळ्या टाकल्यास?” “टाकल्या की. निवांत झोपलाय.” एका हातानं फोन धरलेला असायचा आणि दुसऱ्या हाताला गोठ्याचा वास. सांगून टाकायला काय झालं होतं मला? पोरगी काही आडमुठी नाही. पण आधी एकदा नाही सांगितलं, मग दर वेळेला सांगणं आणखी अवघड होत गेलं. खोट्याचं असंच असतं, ते आपलं आपण वाढतं.

मग आले धुण्याचे दिवस. माझे लाडके. “धुण्याला माणूस लागतंय” म्हणून मीच सायलीला बोलावून घेतलं. ती यायच्या आधी भोलूला कडब्याच्या गंजीमागं सरकवला. सकाळी दूध काढून झालं होतं, संध्याकाळपर्यंत प्रश्न नव्हता. ट्रॉली दारात उभी. मी आत गोधड्यांच्या घड्या उतरवत होते आणि तिथूनच मोठ्यानं ओरडत होते, “सगळं काढ गं! गोठ्यातली पोती बी घे! चिंधी ऱ्हाता कामा नये!” माझाच आवाज. माझाच नियम.

ती बाहेरून आली तेव्हा तिच्या दोन्ही हातात भोलू होता. शेण लागलेला, टकला, पोटाला साडीचा चिरगूट शिवलेला. डोळे नाहीत.

“मम्मी,” ती म्हणाली, “हा आपला भोलू हाय ना?”

सांगायची हीच वेळ होती. इतकं सोपं होतं. ‘चंद्रीसाठी घेतला गं’ एवढे तीन शब्द. आणि माझ्या तोंडातून निघालं, “उंदरांनी खाल्ला बाई पेटीत. मी गोठ्यात टाकला.”

तिचा चेहरा उतरला, पण रागावली नाही. त्याला छातीशी धरलं, शेणासकट. “बिच्चारा. चल, तुला अंघोळ घालते,” असं त्यालाच म्हणाली आणि त्याला घेऊन ट्रॉलीत चढली.

नदीवर ती गोधड्यांच्या घोळक्यात आलीच नाही. एका दगडावर बसून भोलूला चोळत होती. साडीचा चिरगूट तिनं उसवून काढला आणि पाण्यात सोडून दिला. तो वाहत गेला, मी बघितला. वरच्या अंगाला मी गोधडी तुडवत उभी. दहा पावलांवर माझी लेक त्या रेडकाचा शेवटचा वास साबणानं काढत होती आणि मला एक हाक मारता येत नव्हती. हाक मारली तर उंदीर कुठून आले ते सांगावं लागलं असतं. शेजारी शमीमभाभी पायांनी तुडवत म्हणाली, “किती जीव हाय बघ पोरीचा. लहानपणचं खेळणं तसं कुठलं विसरतंय?” मी म्हणाले, “व्हय.” सायलीनं पिशवीतून स्वतःच्या शांपूची बाटली काढली. एकदा शांपू. पिळला. परत शांपू. मी पायाखालची गोधडी तुडवत राहिले, ती कधीच स्वच्छ झाली होती. त्या दिवशी धुताना माझं सगळं चित्त दगडावर होतं. चंद्रीला विकायची वेळ माझ्या समोर, माझ्या लेकीच्या हातानं, फेसात घोळून येत होती आणि मी लाजेपायी गप्प होते. आधी केलं त्याची एवढी नाही, पण त्या गप्प बसण्याची लाज मला आजही तशीच वाटते.

घरी आलो. भोलू तारेवर, दोन्ही कानांना चिमटे. अंगाला फुलांचा वास.

संध्याकाळी चंद्री रेकायला लागली. मी ओल्याच भोलूला घेऊन गेले, दुसरं काय करणार. तिनं हुंगलं आणि मान झटकली. मी मीठ लावलं. तिनं त्याला शिंगानं बाजूला ढकललं, इकडंतिकडं बघितलं, गव्हाणीखाली बघितलं, आणि असा हंबरडा फोडला की हातातली बादली यांनी खाली ठेवली. “झालं,” हे म्हणाले. “आता न्हाय ऐकायचो मी तुझं. येत्या बाजारी न्यायची.”

“का? काय झालं तिला?” सायली दारात उभी होती. तिला काहीच माहीत नव्हतं. यांनी सहज सांगून टाकलं, त्यांना कुठं माहीत होतं माझे उंदीर. “अगं ते कुत्रं तिला रेडकू म्हणून दावत हुतो. आज तुमी धुतलं. आता वास ग्येला, सोडती व्हय ती?”

पोरगी बघतच राहिली. आधी भोलूकडं, मग चंद्रीकडं, मग माझ्याकडं. मला वाटलं रडेल, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मीही ओरडले असते आणि मोकळी झाले असते.

“मला सांगितलं असतंस तर मी धुतला असता का?” ती हळूच म्हणाली.

तिनं भोलूच्या डोळ्यांच्या भोकांवरून बोट फिरवलं.

“डोळे तू काढलेस?”

“तिनं गिळले असते गं.”

“ते बरोबर केलंस,” ती म्हणाली. “पण उंदीर कशाला म्हणालीस? मी काय परकी हाय?”

काचेमागच्या खेळण्यांना हात न लावणारी पोर, मी तिला शहाणी म्हणत होते. ती नुसतीच बाहेर उभी राहिली होती. पेटी असो नाहीतर गोठा, मी तिला बाहेरच उभी करत होते.

मी तशीच चंद्रीपुढं मटकन बसले. तोंड कुठं करावं कळेना म्हणून हात तिच्या मानेला लावला. कशासाठी लावला, माफी मागायला की आधाराला, ते मला विचारू नका. ती रेकत होती. रेकता रेकता थांबली. माझं मनगट हुंगलं. रोज भोलूच्या पाठीखाली असायचं तेच मनगट. मग जीभ बाहेर काढली आणि चाटायला लागली. मनगटापासून कोपरापर्यंत, परत मनगट. घशात तो बारीक आवाज.

आम्ही तिघंही हललो नाही. “मम्मी, तशीच बस,” सायली कुजबुजली. यांच्या हातून बादली घेऊन ती खाली बसली. जन्मात कधी सडाला हात न लावलेली पोर. “पप्पा, कसं धरायचं सांगा.” पहिली धार तिच्या पायावर गेली, दुसरी भिंतीवर. तिसरी बादलीत वाजली. हे तिच्यामागं उकिडवे बसून हळू आवाजात सांगत होते, “वरनं दाब, ओढू नको, दाब.” मी चंद्रीच्या जिभेखाली हात धरून बसले होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसायला दुसरा हातही उचलला नाही, की ती बिचकेल.

त्या बाजारी चंद्री गेली नाही, ना पुढच्या. रोज सकाळ-संध्याकाळ मी हात धरायची आणि हे दूध काढायचे. नवरात्रात हळदीकुंकवाला गेले तर बायकांनी विचारलं, “हाताला काय गं झालं? सगळं सोललंय.” मी सांगणार होते, साबणानं उललं. ओठावर आलं होतं. मग म्हणाले, “म्हैस चाटती.” बायका हसल्या. “का गं, तू काय रेडकू हायस व्हय तिचं?” शमीमभाभी सगळ्यात मोठ्यानं हसली. मीही हसले. खरं बोलल्यावर एवढंच होतं, लोक हसतात आणि विषय बदलतो, हे इतक्या उशिरा कळावं माणसाला. सायलीनं जाताना भोलूला बरोबर नेलं. हॉस्टेलमधल्या पोरी म्हणाल्या, बटणं लावू डोळ्यांना. ती नको म्हणाली. आंधळाच आहे तो तिच्या कॉटवर.

मार्गशीर्षात चंद्रीला रेड्याकडं नेऊन भरवली. पाऊस लागायच्या सुमाराला ती आटली आणि माझा हात मोकळा झाला. कातडी भरून आली. मी गोठ्यात जायची, वैरण टाकायची, पाणी दाखवायची, पण तिच्या तोंडाजवळ हात न्यायची नाही. मला आपलं वाटायचं, आता तिचं रेडकू येईल, मग तिला खरंखोटं समजेल. वर्षभर कुणाचा हात चाटला ते समजेल. जनावराला असलं काही समजतं का, असं हे म्हणतील. पण लाज वाटायला समोरच्याला समजावंच लागतं असं काही नाही.

परवा सकाळी, घट बसलेले असताना, चंद्री व्याली. यांनी हाक मारली. मी हातातलं पीठ झटकत गेले. रेडकू धडधाकट, काळंभोर, उठायच्या खटपटीत चारी पाय चारीकडं. सायली फोनवर होती, तिला दिसावं म्हणून यांनी फोन खांबाला टेकवला होता. चंद्री त्याला चाटत होती, कपाळ, कान, डोळे. ह्याला डोळे होते. मी गोणपाट घेऊन रेडकाचं अंग पुसायला खाली बसले. लांबूनच पुसत होते. चंद्रीची जीभ रेडकाच्या पाठीवरून खाली आली, तिथं माझं मनगट होतं. मला वाटलं, आता थांबेल. ती थांबली नाही. पाठीवरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत, आणि तिथून परत रेडकाच्या मानेवर. मधे कुठं फरक केला नाही.

“मम्मी,” फोनमधून सायलीचा आवाज आला, “अगं, तुला बी चाटतीय ती.”

तिचं रेडकू समोर होतं. ओलं, उबदार, तिच्याच वासाचं. नाकाला फसायचं काही कारण उरलं नव्हतं आणि तरी ती मला चाटत होती. म्हणजे त्या दिवसापासून ती कुणाच्या वासानं दूध देत होती? मी वर्षभर समजत होते की मी तिला फसवतेय. फसवल्याची लाज सोसायची मला सवय झाली होती. ही लाज वेगळी होती, हिच्यापुढं बसायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं.

“सरक आता,” हे म्हणाले. “रेडकाला पिऊ दे.”

मी सरकले. रेडकू ढुशा देत कासेला लागलं. चंद्रीनं त्याला पिऊ दिलं आणि मान लांब करून, मी जिथं सरकले होते तिथं, पुन्हा माझा हात शोधला.